यंत्रातली म्हातारी

यंत्राने माझ्या नवऱ्याला शंभरापैकी ब्याण्णव मार्क दिले. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या उजव्या हातात चमचा ठेवला, तर तो सरळ खाली पडला. मी उचलला, धुतला, परत ठेवला. परत पडला. मग मात्र मी तो चमचा पातेल्यात आपटला.

"अहो रापोनो, यंत्राला ब्याण्णव आणि मला भोपळा? त्या लाकडाच्या खोक्याशी तुमचं एवढं काय नातं जुळलंय?"

"होईल," ते म्हणाले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द सावकाश येतात, आणि त्यातल्या त्यात हा एकच शब्द वेळेवर येतो. पोनो आमची मुलगी, दूर खाणीच्या गावी नोकरीला असते. तिच्यावरून ते रापोनो, पोनोचे बाबा, आणि मी मापोनो, पोनोची आई; एरवी लोक मानाने त्यांना रा म्हणतात आणि मला म्मा. ती फोन करून विचारायची, बाबा कसे आहेत, आणि हे इकडून म्हणायचे, होईल. मला त्या शब्दाची शिसारी यायला लागली होती.

थंडीत एका सकाळी शेळ्या सोडताना ते कुंपणापाशी कोसळले. उजवी बाजू गेली. पुढे तोंड सरळ झालं, पायही फरफटत का होईना चालायला लागला. हात मात्र छातीशी मूठ वळून बसला तो बसलाच. दुसऱ्या कुणाचा असता तर मी म्हटलं असतं, डावा आहे ना, चालवून घ्या. पण आमचं ध्यान वेगळं आहे. या माणसाच्या अंगात नम्रपणा इतका भरलाय की कधी कधी मला वाटतं, शेळ्यांनासुद्धा वाकून रामराम करतील. दुकानात काडेपेटी घेतली तरी उजवा हात पुढे, डावा त्याच्या मनगटाखाली, आणि मान किंचित खाली. दुकानदार त्यांच्या मुलाच्या वयाचा असला तरी तेच. गावात अजूनही सगळे असंच घेतात म्हणा, पण ह्यांच्याइतकं मनापासून कुणी घेत नाही. माझ्याकडून चहाचा मग घेताना मात्र एकच हात, तोही माझ्याकडे न बघता. बायकोशी कसली आलीय रीतभात!

आता उजवी मूठ उघडेना, आणि डाव्या हाताने कुणाकडून काही घेणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून ह्यांनी घेणंच सोडलं. दुकान सोडलं. सकाळी चावडीवरच्या झाडाखाली इतर म्हाताऱ्यांबरोबर बसायचे, ते सोडलं. गावात लग्न असो की मयत, मोठ्या तीन पायांच्या हंड्यात मांस शिजवून ते कुटायला ह्यांनाच बोलावत. त्यांच्या हातचा सेस्वा म्हणजे लोकरीसारखा सुटायचा. तिथलं बोलावणं आलं की हे अंगावर घोंगडं ओढून झोपेचं सोंग घ्यायचे. दिवसभर घरामागे, भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायची सोय नको. एवढा चारचौघांतला माणूस, आणि एका मुठीपायी जिवंतपणी घरात गाडला गेला.

इस्पितळातली गोराता, व्यायाम करून घेणारी, तिने मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "म्मा, हात परत यायचा असेल तर पहिल्या काही महिन्यांत येतो. नंतर मेंदू आळसावतो. म्हणून एकही खेप चुकवायची नाही."

मी एकही चुकवली नाही. खच्चून भरलेल्या कॉम्बी गाडीत ह्यांना खिडकीशी कोंबून, स्वतः कुणाच्या तरी कोंबड्यांवर बसून, मी त्यांना नेत राहिले.

यंत्र तसं साधंच होतं. परदेशातल्या यंत्राच्या किमतीत म्हणे आमच्या इस्पितळाचा एक नवा वॉर्ड उभा राहिला असता. म्हणून राजधानीतल्या मोआगी नावाच्या एका इंजिनियर पोराने आपलं स्वतःचं बनवलं. खाली प्लायवुडची फळी, त्यावर सायकलची मूठ, आणि मूठ फिरवायला मोडक्या कॉम्बीच्या वायपरची मोटर. पेशंटचा हात पट्ट्याने मुठीला बांधायचा. समोर पडद्यावर वाडगा दिसतो, तिथपर्यंत मूठ न्यायची आणि परत आणायची. हात कमी पडला तर मोटर ढकलते. हात जोर करायला लागला की मोटर आपली मदत कमी करत जाते आणि मार्क वाढवते. गोराता एकटी आणि पेशंट ढीगभर, म्हणून ही सगळी युक्ती.

पेशंटनी यंत्राला बिचकू नये म्हणून मोआगीने त्यात आपल्या आजीचा आवाज भरला होता. खरीखुरी आजी, दात पडलेली, मायाळू. "घ्या, रा. सावकाश घ्या. हं, आता परत ठेवा. देव तुमचं भलं करो." दाराबाहेरच्या बाकावर बसून मी सकाळभर तेच ऐकायची. मला आत जायला बंदी होती. दारावर पाटीच होती: नातेवाइकांनी बाहेर थांबावे. कारण विचारलं तर गोराता हसली.

"नातेवाइकांना दया येते, म्मा. ते गुपचूप पेशंटचा हात ढकलतात, आणि मार्क खोटे पडतात."

"मी ढकलायची नाही. मी मारीन."

"तेही नको," ती म्हणाली आणि दुसऱ्या वॉर्डाकडे पळाली.

आधीचे काही दिवस ती स्वतः शेजारी बसली होती. तेव्हा मोटरच सगळं काम करत होती, ह्यांचा हात नुसता मागे फरफटत होता, आणि आजीचा आवाज अजून बसवला नव्हता. पुढे ती यायची ती नुसती डोकावायला. आत असायचा ओलेबिले, पट्टा बांधणारा मदतनीस. पट्टा बांधला, बटण दाबलं की तो मोबाइलवर फुटबॉल बघायला मोकळा. दार उघडलं की मला सांगायचा, "म्मा, म्हातारा वाघ आहे! आज साठ." मग सत्तर. मग ऐंशी. मी बाकावरून उठून हात जोडायची.

आणि घरी आलं की शून्य. मी चेंडू दिला, धरेनात. कापसाची गादी उसवून दिली, म्हटलं पिंजा. मूठ कापसावर दगडासारखी पडून राहिली. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. तेही कपाळावर घाम येईस्तोवर हाताकडे बघत बसायचे, जणू काय तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि चुकून आपल्या मांडीवर राहिलाय. पण मला तो घाम दिसत नव्हता. मला दिसायचे ते मार्क.

ब्याण्णवच्या त्या रात्री मी ताट त्यांच्यापुढे आदळलं. "यंत्रातल्या म्हातारीला हात देता ना? मग तिलाच भरवायला सांगा," असं म्हणून मी आत जाऊन निजले. सकाळी ताट तसंच होतं, आणि त्यातलं बोगोबे, ज्वारीची घट्ट पेज, कोंबड्या टिपत होत्या. ते उपाशी बसले होते. मला इतका राग आला की कोणावर ते कळेना, म्हणून मी कोंबड्यांना झोडपलं.

पुढच्या खेपेला मी गोराताला व्हरांड्यातच अडवलं. "पोरी, काहीतरी चुकतंय. हात मेलेला आहे."

"म्मा, यंत्राने आता मदत पूर्ण बंद केलीय. सगळं तेच करतायत. एवढे मार्क इथे कुणालाच पडले नाहीत." तिने घड्याळाकडे पाहिलं. "घरी पेशंट लाडावतात. तुम्ही सगळं हातात देता, मग ते कशाला करतील?"

"मी हातात देते? अगं, मी तर आता ताटसुद्धा..."

"त्यांची पाळी संपली, म्मा. बाहेर किती लोक थांबलेत बघता ना? पण एक आनंदाची गोष्ट आहे. यंत्र बघायला राजधानीचे पाहुणे येतायत. त्यांना करून दाखवायला आम्ही रापोनोंनाच निवडलंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. हात मेलेला, आणि हे निघाले त्याची वरात काढायला! पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. किती दिवसांनी ह्या माणसाला कोणीतरी चारचौघांत बोलावलं होतं, आणि त्यांनी झोपेचं सोंग घेतलं नव्हतं. मी त्यांचा पांढरा सदरा काढला आणि दोनदा इस्त्री केली.

त्या दिवशी मला पहिल्यांदाच आत प्रवेश मिळाला. खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर मॅग्विन्यांचं, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, ताट होतं, तळणीचा वास सुटला होता. पाहुणे कोटबिट घालून बसले होते. मोआगी अगदीच कोवळा निघाला, मिशीसुद्धा धड फुटलेली नव्हती. त्याने ह्यांना वाकून नमस्कार केला. ह्यांनी त्याच्याहून जास्त वाकून केला. ओलेबिलेने पट्टा बांधला, बटण दाबलं.

"घ्या, रा," आजी म्हणाली.

ह्यांनी मान झुकवली. उजवा हात मुठीवर होताच. डावा हात उठला, अलगद त्याच्या मनगटाखाली गेला, आणि मूठ सरसर वाडग्यापर्यंत पोचली. आजीने भलं चिंतलं. पडद्यावर आकडे वाढले. पाहुण्यांपैकी एक बाई कौतुकाने कुजबुजली, "बघा, यंत्राकडूनसुद्धा किती अदबीने घेतात!" सगळे हसले. मीही हसले. वाटलं, माझा नवरा आहे तो, खानदानी आहे.

आणि मग माझी नजर सदऱ्यावर गेली. दोनदा इस्त्री केलेला सदरा. उजव्या खांद्यावरची घडी जशीच्या तशी होती. डाव्या खांद्यावर मात्र कापड ताणलं जात होतं, सुरकुतत होतं, परत ताणलं जात होतं. डाव्या बाजूची मानेची शीर टरारून फुगली होती.

"थांबवा!" मी ओरडले. "बंद करा ते! अहो, कुठला हात ढकलतोय बघा तरी!"

गोराता माझ्याकडे धावली. "म्मा, पाहुणे..."

"पाहुणे गेले खड्ड्यात! खाली बघ. डावा बघ, डावा!"

तिने पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिने ओलेबिलेकडे पाहिलं. "हे असं कधीपासून करतायत?"

"डावा हात?" ओलेबिले गोंधळला. "तो तर असतोच की. पहिल्यापासून. म्हातारं माणूस काही देतंय म्हटल्यावर आपण काय एका हाताने घेतो?"

गोराताने डोकावून पाहिलं तेव्हा हेच पाहिलं होतं. डॉक्टरांनी फेरी मारताना हेच पाहिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. नातेवाइकांना बाहेर ठेवण्याची पाटी लावली, आणि ढकलणारा हात तर ह्यांच्याच अंगावर होता! यंत्र बिचारं काय करणार? मूठ हलली की त्याचं समाधान. कोणी हलवली हे त्याला कुठे कळतं?

मोआगी गुडघ्यावर बसला. "रा, डावा हात मांडीवर ठेवता का जरा?"

त्यांनी ठेवला.

"घ्या, रा," आजी म्हणाली. मूठ हलली नाही. मदत तर यंत्राने कधीच बंद केली होती. "सावकाश घ्या," आजी म्हणाली. ह्यांच्या ओठावर घाम आला. आजी तिसऱ्यांदा म्हणाली तशी डावा हात आपोआप मांडीवरून उठला. मोआगीने तो हळूच धरला.

"नाही, रा. एकट्या उजव्याने."

"ती..." त्यांना शब्द सापडेनात. "ती तुझी आजी ना?"

"हो, रा."

"मग एका हाताने... कसं घेऊ?"

कोटवाल्यांतला एकजण म्हणाला, डावा हात खुर्चीला बांधून टाका, प्रश्न मिटला. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "बांधा! चोर आहे ना तो, बांधा! इतके महिने ह्या माणसाला ब्याण्णव ब्याण्णव म्हणून नाचवलंत. मी त्याला आळशी म्हणाले, उपाशी ठेवलं! पोरी, तूच म्हणाली होतीस ना, नंतर मेंदू आळसावतो? मग आता सांग. किती उरलंय?"

गोराता खाली बघत होती. "फार नाही, म्मा," ती म्हणाली. "गेले ते दिवस महत्त्वाचे होते."

तिने खोटं सांगितलं असतं तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. खरं सांगितलं, तर काय करावं ते कळेना. मी खुर्चीवर बसले. मॅग्विन्यांचं ताट कोणीतरी माझ्यापुढे केलं. मी दोन हातांनी एक उचलला आणि स्वतःचाच राग आला.

मोआगी मात्र अजून गुडघ्यावरच होता. "रा," त्याने विचारलं, "असं कोण आहे, ज्याच्याकडून तुम्ही एका हाताने घ्याल?"

ह्यांनी बराच विचार केला. एकेका पाहुण्याकडे पाहिलं. ओलेबिलेकडे पाहिलं आणि मान हलवली. शेवटी डोळे माझ्यावर येऊन थांबले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द झटकन आला.

"हिच्याकडून."

सगळी खोली हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांच्या संसाराची ही किंमत! कोवळ्या मिशीच्या पोराच्या आजीला दोन हात आणि मला एक, आणि तेही राजधानीच्या लोकांसमोर!

तरीही यंत्रात आजीच्या जागी भरायला मी माझा आवाज दिला. मोआगीने मोबाइल पुढे धरला आणि म्हणाला, घरी बोलता तसंच बोला, म्मा. मी म्हणाले, "घ्या! अहो, घ्या म्हणते ना! हात काय गहाण टाकलाय? कुणासाठी थांबलात, मुहूर्त काढायचाय?" मला वाटलं, तो त्यातलं बरंवाईट निवडेल. त्याने सगळंच ठेवलं.

गोराताने मेट्रनशी भांडून ह्यांना परत रांगेत घातलं, पण अगदी शेवटी. पुन्हा पाळी येईपर्यंत ज्वारीची कापणी झाली. मी रोज त्या मुठीकडे बघून मनात दिवस मोजायची आणि मग मोजणं सोडून द्यायची.

पहिल्या दिवशी चार मार्क पडले. ओलेबिले बाहेर आला तेव्हा मी त्याची कॉलर धरायचीच बाकी ठेवली. "डावा कुठे होता?"

"मांडीवर, म्मा. तुमचा आवाज ऐकून जागचा हलला नाही. मीसुद्धा मोबाइल खिशात घातला."

चार, सात, सहा, नऊ. बाकावर बसून मला माझाच आवाज ऐकावा लागायचा: घ्या म्हणते ना. दिवसभर मी ह्या माणसाच्या कानाशी हेच करत असते, हे बाहेरून ऐकायला फार वाईट वाटतं. इतर पेशंटांना माझा आवाज आवडेनासा झाला. त्यांच्यासाठी आजी परत आली, पण आता ओलेबिले प्रत्येकाच्या डाव्या हातावर स्वतःचा हात ठेवून बसतो. मार्क वीसच्या पुढे गेल्यावर गोराता मुठीतून अंगठा सोडवायला लागली. अंगठा सुटला. शेजारची दोन बोटं अर्धीमुर्धी सुटली. बाकीची दोन अजून तशीच आहेत, आणि ती तशीच राहतील असं ती म्हणते. हंड्यापाशी उभं राहून मांस कुटणं आता ह्यांच्या नशिबात नाही. वेळेवर कोणीतरी एकाने जरी नीट पाहिलं असतं, तरी कदाचित असतं. हे मी विसरणार नाही, कोणाला विसरूही देणार नाही.

काल सकाळी मी चहा केला. पत्र्याच्या मगात अर्धाच भरला, कारण पूर्ण भरला की सांडतो.

"घ्या," मी म्हणाले.

उजवा हात मांडीवरून निघाला. थरथरत, वाटेत दोनदा थांबत. अंगठा आणि ती दोन बोटं मगाच्या कानात शिरली. मी मग सोडला नव्हता. इतक्यात डावा हात उठला.

माझं डोकं सणकलं. एवढं सगळं होऊन परत तेच! डावा खाली, असं म्हणायला मी तोंडही उघडलं. डावा हात मनगटाखाली गेला आणि तिथेच राहिला. नुसता टेकलेला. मगाचं ओझं माझ्या बोटांतून सुटलं ते त्यांच्या उजव्या हातात गेलं, मला ते स्पष्ट जाणवलं. डाव्याने काहीच उचललं नव्हतं. ह्यांची मान किंचित झुकली होती, दुकानात झुकते तशी.

"आभारी आहे, म्मा," ते म्हणाले.

मग निम्मा चहा त्यांच्या पँटवर सांडला. "सांडलात ना!" मी म्हणाले. आणि फडकं आणायला आत गेले.